वेन काउंटी, मिशिगन: लोकसंख्या आणि राजकारण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की मतमोजणीच्या रात्री एक वाक्य हमखास कानावर पडतं: "वेन काउंटीचे आकडे अजून यायचे आहेत." डेट्रॉइट शहर याच काउंटीत आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार इथूनच अमेरिकी संसदेत निवडून आले. ज्यांची मुलं-नातवंडं इथे राहतात असे मराठी वाचक कमी नाहीत, आणि त्यांचे प्रश्नही बरेचसे तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: वेनमध्ये कोण जिंकणार हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं कुणाला पडलेला नाही. किती मतांनी, आणि कुठल्या गावातून किती, हे बघितल्याशिवाय इथलं राजकारण कळत नाही.

वेन काउंटी कुठे आहे आणि केवढी आहे?

मिशिगन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, डेट्रॉइट नदीच्या काठी. नदीपलीकडे कॅनडाचं विंडसर शहर. काउंटीची स्थापना १५ ऑगस्ट १७९६ ची, म्हणजे मिशिगनला राज्याचा दर्जा मिळण्याच्या (१८३७) कितीतरी आधीची. जनरल अँथनी वेन यांचं नाव तिला दिलं गेलं. जमीन साधारण १,५८५ चौरस किलोमीटर. त्यात ३४ शहरं आणि ९ टाउनशिप अशा ४३ स्थानिक संस्था.

२०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १७,९३,५६१ भरली. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आहेत आणि राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. म्हणजे दर सहा मिशिगनकरांमागे एकाहून जास्त माणूस वेनचा.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?

नकाशावर तसं म्हणता येईल, कारभारात नाही. आपल्याकडे जिल्हाधिकारी शासन नेमतं. इथे काउंटीचा मुख्य प्रशासक, म्हणजे काउंटी एक्झिक्युटिव्ह, लोक निवडतात. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), सरकारी वकील, खजिनदार आणि क्लर्क (कारकून नव्हे, सरकारी दप्तर सांभाळणारा अधिकारी) हेही वेगवेगळे निवडून येतात, आणि त्यांच्यापैकी कुणी कुणाचा साहेब नसतो. शिवाय १५ सदस्यांचं कमिशन, म्हणजे लोकांनी निवडलेली काउंटीची सभा, असते. त्यात रिपब्लिकन सदस्य शोधावा लागतो.

ही रचना फार जुनी नाही. मतदारांनी १९८१ मध्ये सनद मंजूर केली आणि १९८३ मध्ये पहिले एक्झिक्युटिव्ह विल्यम लुकस यांनी सूत्रं हाती घेतली. लुकस कृष्णवर्णीय, डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले. १९८५ मध्ये ते रिपब्लिकन पक्षात गेले आणि पुढच्याच वर्षी त्या पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठी लढून हरले. २०१५ पासून वॉरन एव्हन्स या पदावर आहेत. ते आधी काउंटीचे शेरीफ होते आणि डेट्रॉइटचे पोलीसप्रमुखही.

शाळा काउंटीच्या हातात नाहीत, पोलीस बहुतेक ठिकाणी शहरांचे. काउंटीकडे तुरुंग, रस्ते, उद्यानं, सार्वजनिक आरोग्य आणि थकलेल्या मालमत्ता कराची वसुली येते. हे शेवटचं काम ऐकायला रुक्ष वाटतं, पण इथल्या लाखो लोकांच्या आयुष्यावर सगळ्यात खोल घाव त्यानेच घातला आहे. त्याबद्दल पुढे.

हा डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला कसा झाला?

१९३२ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत वेनने डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला आहे. त्यामागे दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली म्हणजे मोटार कामगारांची संघटना, यूएडब्ल्यू. २६ मे १९३७ रोजी डिअरबॉर्नमध्ये फोर्डच्या रूज कारखान्याबाहेर संघटनेची पत्रकं वाटायला आलेल्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारलं. त्याची छायाचित्रं देशभर छापून आली. १९४१ मध्ये फोर्डने अखेर संघटनेशी करार केला. पोलिश, इटालियन, कृष्णवर्णीय, दक्षिणेतून आलेले गरीब गोरे अशा सगळ्यांना एका पक्षाशी बांधणारा हा दुवा होता.

दुसरी म्हणजे दक्षिणेतल्या वर्णभेदाला कंटाळून कारखान्यांच्या आशेने उत्तरेत आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. १९७३ मध्ये कोलमन यंग डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले आणि वीस वर्षं त्या पदावर राहिले. तेही मूळचे कामगार चळवळीतले.

मग निकाल आधीच ठाऊक असताना वेनची एवढी चर्चा का?

कारण मिशिगन राज्य कुणाकडे जाणार हे वेनमधल्या आघाडीवर ठरतं. हे आकडे सावकाश वाचा.

२०१२ मध्ये बराक ओबामांना वेनमध्ये ५,९५,८४६ मतं होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ५,१९,४४४. ट्रम्प यांची इथली मतं २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांच्यापेक्षा सुमारे पंधरा हजारांनीच वाढली, पण डेमोक्रॅट उमेदवाराची ७६ हजारांवर घटली. त्या वर्षी ट्रम्प यांनी अख्खं मिशिगन जिंकलं ते फक्त १०,७०४ मतांनी. वेनमध्ये घरी बसलेल्यांतले सातातला एक जरी मतदानाला आला असता तरी राज्य फिरलं असतं.

२०२० मध्ये बायडेन यांना ५,९७,१७० आणि ट्रम्प यांना २,६४,५५३ मतं पडली, म्हणजे आघाडी ३,३२,६१७ ची. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांची वेनमधली आघाडी सुमारे २ लाख ४८ हजारांवर आली. चार वर्षांत साधारण ८४ हजार मतांची आघाडी गळाली. राज्यात ट्रम्प जिंकले जवळपास ८० हजार मतांनी.

हॅरिस यांना काउंटीत बासष्ट-त्रेसष्ट टक्के मतं होती. कुठल्याही नकाशावर हा भाग गडद निळाच, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाच्या रंगाचा, दिसेल. म्हणून माझा आग्रह असतो की रंग बघू नका, वजाबाकी करा.

इथे नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदार किती आणि रिपब्लिकन किती?

असा आकडा अस्तित्वातच नाही. मिशिगनमध्ये मतदार नोंदणी पक्षनिहाय होत नाही. कुणी ठामपणे टक्केवारी सांगत असेल तर ती सर्वेक्षणातली किंवा मागच्या निकालांवरून काढलेली समजा.

डेट्रॉइटची लोकसंख्या एवढी कशी घटली?

१९५० मध्ये शहरात १८,४९,५६८ लोक राहत होते. २०२० मध्ये ६,३९,१११. दर तीन माणसांतली दोन गेली. आख्ख्या काउंटीत १९७० च्या सुमारास २६ लाखांहून अधिक लोक होते, तिथे आता अठरा लाखही नाहीत.

१९६७ च्या दंगलीमुळे गोरे पळाले, असं एका वाक्यात सांगायची पद्धत आहे. त्या जुलैमध्ये ४३ माणसं मेली, सैन्य आलं, हे खरंच. पण शहर रिकामं व्हायला त्याच्या पंधरा वर्षं आधीच सुरुवात झाली होती. मोटार कंपन्या नवे कारखाने एकमजली, ऐसपैस जागेत, शहराबाहेर बांधू लागल्या. महामार्ग झाले. सरकारी हमीची घरकर्जं गोऱ्या वस्त्यांना मिळत होती आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना नाकारली जात होती. शहराच्या उत्तर सीमेवरच्या आठ मैल रस्त्याजवळ १९४१ साली एका बिल्डरने चक्क भिंत घातली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असताना गोऱ्यांसाठीच्या घरांना कर्जाची हमी मिळेना. ती भिंत आजही उभी आहे. ब्लॅक बॉटम नावाची कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती पाडून तिथून महामार्ग नेला.

आणि मग १९७४ चा 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' खटला. डेट्रॉइटच्या शाळांमधली वर्णविभागणी मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांनाही योजनेत घ्यावं, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. त्याचा व्यवहारातला अर्थ लोकांना लगेच कळला: शहराची हद्द ओलांडली की मुलांच्या शाळेचा प्रश्न सुटतो. मला विचाराल तर आजच्या वेन काउंटीचा नकाशा समजून घ्यायला हा एक निकाल दंगलीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गही बाहेर पडला. १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्या वेळी कर्ज आणि देणी मिळून साधारण १८ अब्ज डॉलर सांगितली गेली. राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाने, केव्हिन ऑर यांनी, हा निर्णय घेतला. लोकांनी निवडलेला महापौर आणि नगरसभा तेव्हा नावापुरती उरली होती, आणि ती सल इथल्या मतदाराच्या मनातून गेलेली नाही.

अलीकडे वारं थोडं बदललं आहे. जनगणना विभागाच्या २०२३ च्या अंदाजात शहराची लोकसंख्या किंचित वाढलेली दिसली, १९५७ नंतर पहिल्यांदा.

आज काउंटीत कोण कोण राहतं?

ढोबळ मानाने, जनगणनेच्या भाषेत 'गोरे' निम्म्याहून थोडे कमी, कृष्णवर्णीय एक तृतीयांशाहून अधिक, लॅटिनो सहा-सात टक्के आणि आशियाई त्याच्या साधारण निम्मे. डेट्रॉइट शहरात मात्र चारातले तीन लोक कृष्णवर्णीय आहेत. लॅटिनो वस्ती मुख्यतः शहराच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकनटाउनच्या आसपास.

'गोरे' हा शब्द अवतरणात का?

कारण डिअरबॉर्नमधला लेबनीज दुकानदार, येमेनी कामगार, इराकी डॉक्टर हे सगळे अमेरिकी जनगणनेत 'गोरे' म्हणून मोजले जातात. शंभर वर्षांपूर्वी सीरियन-लेबनीज स्थलांतरितांनी नागरिकत्वासाठी न्यायालयांत भांडून स्वतःला 'गोरे' ठरवून घेतलं, कारण तेव्हा त्याशिवाय नागरिकत्व मिळत नव्हतं. तेच वर्गीकरण पुढे चालू राहिलं.

२०२० मध्ये लोकांना आपलं मूळ लिहून देता आलं, तेव्हा डिअरबॉर्नच्या सुमारे १,१०,००० लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकी वंशाचे निघाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने या समाजासाठी स्वतंत्र रकाना मंजूर केला. तोवरच्या सगळ्या तक्त्यांत वेनमधला 'गोरा' आकडा फुगलेला आहे, हे धरूनच चाला.

डिअरबॉर्नमध्ये २०२४ ला काय घडलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. हे फोर्डचं गाव. १९४२ पासून १९७८ पर्यंत ऑरव्हिल हबर्ड इथले महापौर होते आणि कृष्णवर्णीयांना गावात येऊ देणार नाही असं उघड सांगत. त्याच गावाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अरब वंशाच्या अब्दुल्ला हम्मूद यांना महापौर केलं.

२०२० मध्ये बायडेन यांना इथे भरभरून मतं मिळाली होती. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामधलं युद्ध या गावासाठी परराष्ट्र धोरणाचा विषय राहिला नाही. घराघरांत नातेवाइकांच्या मरणाच्या बातम्या येत होत्या, पुढे लेबनॉनमधूनही आल्या. २७ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी 'अनकमिटेड', म्हणजे यातला कुणीही नको, असं मत दिलं. डिअरबॉर्नमध्ये त्याला निम्म्याहून जास्त मतं होती.

नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना इथे सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली. अरब समाज रिपब्लिकन झाला, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी संसदेसाठी डेमोक्रॅट रशीदा तलीब यांना मोठ्या फरकाने निवडलं. राग कुणावर होता ते त्यातून स्पष्ट होतं.

हॅमट्रॅमिकबद्दल एवढं का बोललं जातं?

सगळ्या बाजूंनी डेट्रॉइट आणि हायलंड पार्कने वेढलेलं, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं आणि २८ हजार वस्तीचं हे गाव. डॉज कंपनीच्या कारखान्यासाठी पोलिश कामगार आले आणि जवळजवळ शतकभर महापौर पोलिश वंशाचाच राहिला. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. रिकाम्या होणाऱ्या स्वस्त घरांत येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं आली. २०१५ मध्ये नगरसभेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत झालं, जानेवारी २०२२ पासून सगळेच सदस्य मुस्लिम. महापौर झाले येमेनहून आलेले आमेर घालिब.

जून २०२३ मध्ये नगरसभेने सरकारी जागेवर समलिंगी समाजाचा ध्वज लावायला बंदी घातली. ज्या उदारमतवाद्यांनी या नगरसभेचं कौतुक केलं होतं त्यांना तो धक्का होता. सप्टेंबर २०२४ मध्ये घालिब यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला. स्थलांतरित म्हणजे डेमोक्रॅट हे समीकरण इथे कधीच इतकं सोपं नव्हतं: धर्म, मुलांची शाळा, धंद्यावरचे कर या बाबतीत बरीच कुटुंबं पहिल्यापासून परंपरावादी आहेत.

आपल्या वाचकांना आवडेल असा तपशील म्हणजे केंद्रीय मतदान हक्क कायद्यानुसार इथे मतपत्रिका बंगालीतही द्यावी लागते.

बाकीची उपनगरं?

नदीच्या खालच्या अंगाची गावं डाउनरिव्हर म्हणून ओळखली जातात: वायनडॉट, लिंकन पार्क, टेलर, ट्रेंटन. पोलाद, रसायनं, मोटारीचे सुटे भाग यांवर जगणारा मुख्यतः गोरा कामगारवर्ग. संघटनेचे सभासद, पण रेगनच्या काळापासून पक्षाशी तुटत गेलेले. ट्रम्प यांची इथली वाढ सगळ्यात जास्त बोलकी आहे.

पश्चिमेला लिव्होनिया दीर्घकाळ जवळजवळ पूर्ण गोरं राहिलेलं शहर. तिथल्या मतदारांनी २००५ मध्ये उपनगरी बससेवेतूनच बाहेर पडायचं ठरवलं. पूर्वेला ग्रोस पॉइंटची श्रीमंत गावं. तिथे १९६० पर्यंत घर घेऊ पाहणाऱ्यांना वंश, वर्ण, उच्चार यांवरून गुण देण्याची छुपी पद्धत दलाल चालवत होते. आज तिथले सुशिक्षित मतदार हळूहळू डेमोक्रॅटांकडे सरकत आहेत, म्हणजे डाउनरिव्हरच्या अगदी उलट दिशेने.

श्री ठाणेदार यांच्या मतदारसंघाबद्दल सांगा.

जन्म १९५५, चिकोडी. बालपण बेळगावात, हलाखीत. मुंबई विद्यापीठातून एमएससी, १९७९ मध्ये अमेरिकेला, ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी. उद्योगात चढउतार पाहून २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये संसदेत. त्यांचा तेरावा मतदारसंघ पूर्णपणे वेन काउंटीत येतो: डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क, ग्रोस पॉइंट आणि डाउनरिव्हरची बरीच गावं.

आपल्या माणसाचा अभिमान आपण बाळगतोच, आणि तो रास्त आहे. पण डेट्रॉइटच्या बाजूने ही घटना कशी दिसली तेही मराठी वाचकाने समजून घ्यावं. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज संसदेत गेले तेव्हापासून या शहराचा किमान एक प्रतिनिधी कायम कृष्णवर्णीय होता. जानेवारी २०२३ मध्ये ती साखळी तुटली. २०२२ च्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटली आणि स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात घातलेले ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. नियमांत काहीच चुकीचं नव्हतं. तरी आपलं प्रतिनिधित्व गेलं ही तिथल्या लोकांची खंत खरी आहे. सीमाभागात आपल्या भाषेच्या प्रतिनिधीसाठी झगडलेल्यांना ती कळायला जड जाऊ नये. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

मतदारसंघांच्या सीमा कोण ठरवतं?

२०१८ च्या जनमतानंतर नागरिकांचा स्वतंत्र आयोग. मात्र या आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे उपनगरांना जोडून जे विधिमंडळ मतदारसंघ आखले, त्यांपैकी १३ केंद्रीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले, कारण आखणीत वर्णाचा बेकायदा आधार घेतला होता. विधानसभेचे मतदारसंघ २०२४ च्या निवडणुकीआधी नव्याने आखावे लागले.

२०२० मध्ये मतमोजणीचा वाद काय होता?

काउंटीचा निकाल चार जणांचं मंडळ प्रमाणित करतं, प्रत्येक पक्षाचे दोन. १७ नोव्हेंबर २०२० ला मत २-२ असं अडकलं. दोन रिपब्लिकन सदस्यांचं म्हणणं, डेट्रॉइटच्या अनेक केंद्रांवर मतदारयादी आणि मतपत्रिका यांचा मेळ बसत नाही. फरक एकेक-दोनदोन मतांचा होता, आणि असेच फरक काही गोऱ्या उपनगरांतही असताना फक्त डेट्रॉइट वगळून उरलेल्या काउंटीचा निकाल प्रमाणित करायची तयारी त्यातल्या एकीने बोलून दाखवली. ऑनलाइन सभेत लोकांनी तासन्‌तास संताप व्यक्त केला. त्याच रात्री चौघांनी निकाल प्रमाणित केला. नंतर त्या दोघांनी सही मागे घ्यायचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला. २०२२ च्या घटनादुरुस्तीने असा निकाल अडवण्याची वाटच बंद केली.

मालमत्ता कराच्या जप्तीचा राजकारणाशी काय संबंध?

१९९९ च्या राज्य कायद्यानुसार कर तीन वर्षं थकला की काउंटीचा खजिनदार घर जप्त करून लिलावात काढतो. २००८ च्या मंदीनंतर डेट्रॉइटमध्ये घरांच्या किमती कोसळल्या, पण शहराने कर आकारणी वर्षानुवर्षं जुन्याच चढ्या किमतींवर ठेवली. ज्या घराला गिऱ्हाईक नव्हतं त्यावर हजारो डॉलर कर. गरिबांना करमाफी होती, पण ती अर्ज करूनच मिळायची आणि बहुतेकांना ठाऊक नव्हती. घरं शेकडो डॉलरांत सट्टेबाजांनी उचलली आणि तिथले मालक भाडेकरू झाले.

कृष्णवर्णीयांची स्वतःची घरं हे एके काळी डेट्रॉइटचं वैशिष्ट्य होतं. घर गेलेला माणूस पत्ता बदलतो, मतदार नोंदणी सुटते, आणि सरकारवरचा विश्वासही. २०१६ ला घरी बसलेल्या मतदारांचं कारण शोधणाऱ्यांनी ही लिलावाची यादी जरूर बघावी.

काउंटीत मराठी लोक कुठे आहेत?

मुख्यतः कँटन आणि नॉर्थव्हिल टाउनशिपमध्ये. बरेच जण मोटार कंपन्यांत किंवा त्यांना सेवा देणाऱ्या कंपन्यांत अभियंते. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स ही आणखी मोठी भारतीय वस्तीची गावं शेजारच्या ओकलंड काउंटीत आहेत. महाराष्ट्र मंडळ डेट्रॉइट या सगळ्या परिसराचं आहे, एकट्या वेनचं नाही. ग्रीन कार्डच्या लांबलचक रांगेमुळे इथे दहा-पंधरा वर्षं राहून, घरपट्टी भरूनही अनेकांना मत नाही.

नागरिकत्व मिळालं, आता मत कसं द्यायचं?

आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लर्कच्या कचेरीत जा. मिशिगनमध्ये निवडणुका काउंटी नव्हे, स्थानिक क्लर्क चालवतात. नोंदणी मतदानाच्या दिवशीही, रात्री आठपर्यंत रांगेत उभं राहिल्यास होते. फक्त राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. टपाली मतासाठी कारण द्यावं लागत नाही. आणि अध्यक्षपदाची सोडली तर प्रायमरी ऑगस्टमध्ये असते: मुलांच्या सुट्टीसाठी भारतात जाणार असाल तर टपाली मतपत्रिकेचा अर्ज आधी करून ठेवा, कारण वेनमध्ये बहुतेक जागांचा फैसला नोव्हेंबरच्या आधी तिथेच होतो.